सैल होण्याचे कष्ट

धमनी आवळली जाते तेव्हा काहीतरी घडलं आणि सैल पडते तेव्हा घडायचं थांबलं, असं आपण सगळेच धरून चालतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्याही तशाच. कॅल्शियम आत आलं, स्नायू आकुंचन पावला, यासाठी बाणांची भलीमोठी रांग. आणि खाली एक छोटी ओळ की कॅल्शियम कमी झालं म्हणजे स्नायू शिथिल होतो. नागपुरात औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना मी हा भाग शिकवते, आणि दर वर्षी त्या छोट्या ओळीपाशी थांबते. सगळी मेहनत त्या ओळीत आहे. आवळणं धमनीला जवळजवळ फुकट पडतं. सैल राहणं मात्र तिला जन्मभर, क्षणाक्षणाला कमवावं लागतं.

आकडे पाहिले की हे पटतं. पेशीबाहेरच्या द्रवात मोकळं, म्हणजे आयनरूपातलं कॅल्शियम लिटरमागे साधारण १.२ मिलिमोल असतं. धमनीच्या भिंतीतल्या विसावलेल्या मृदू स्नायूपेशीत ते असतं सुमारे १०० नॅनोमोल. दहा हजार पटींहून जास्त फरक, आणि मध्ये काही नॅनोमीटर जाडीचं एक पटल. त्यात पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ४० ते ५५ मिलिव्होल्टने ऋण, आणि कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार. बाहेरची दाटी त्याला आत लोटते, आतला ऋण भार त्याला ओढून घेतो. पटलातलं एक कॅल्शियम चॅनेल उघडलं की सेकंदाला लाखो आयन आत शिरू शकतात, आणि त्यासाठी पेशीला काहीही खर्च येत नाही. तेच आयन बाहेर काढणारा एक पंप मात्र सेकंदाला दहांत, फार तर शेकड्यांत मोजता येतील इतकेच आयन हलवतो, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मोजतो.

एवढा आटापिटा कशासाठी? पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट पुरेशा प्रमाणात एकत्र आले की त्यांचा साका बसतो. उन्हाळाभर कूलरमध्ये बोअरचं पाणी ओतलेल्या नागपूरकराला साका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जूनमध्ये जाळी उघडली की वुडवूलवर तो पांढरा, कडक थर बसलेला असतोच. पेशीत तसं होऊ द्यायचं नसेल तर कॅल्शियम बाहेर ठेवणं भागच होतं. जीवसृष्टीने आधी ते जगण्यासाठी बाहेर ठेवलं असावं, आणि मग त्या प्रचंड फरकाचाच निरोप म्हणून उपयोग करून घेतला, असं मला वाटतं. आत इतकी शांतता असेल तर चार आयनही ऐकू येतात.

आकुंचनाला कॅल्शियम लागतं हे माणसाला कळलं ते नळाच्या पाण्यामुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. १८८२ साली त्यांना वाटलं की सोडियम आणि पोटॅशियमच्या क्षारांवर हृदय छान चालतं. नंतर लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं पाणी वापरलं गेलं होतं, आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय मंदावून थांबलं. १८८३ च्या लेखात त्यांनी हे सगळं सरळ लिहून टाकलं. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्यांवर ‘रिंगर लॅक्टेट’ वाचताना त्या प्रांजळपणाबद्दल मला दर वेळी आदर वाटतो.

माझी स्वतःची या विषयाशी ओळख एम. फार्म.ला असताना ऑर्गन बाथपाशी झाली. पांढऱ्या उंदराच्या महाधमनीचा तीन-चार मिलिमीटरचा आडवा काप स्टीलच्या दोन बारीक हुकांत अडकवायचा. वर ताण मोजणारा ट्रान्सड्यूसर, भोवती काचेच्या नळीत क्रेब्ज द्रावण, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. द्रावण करताना कॅल्शियम क्लोराइड सगळ्यांत शेवटी, गॅस सोडून झाल्यावर घालायचं, नाहीतर द्रावण दुधाळ होतं, हे आमचे सिनिअर पहिल्याच दिवशी बजावून सांगत. तापमान ३७ अंश हवं. आता वॉटर बाथ पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. आणि मे महिन्यात दुपारी आमची खोलीच ३७ च्या वर जायची. म्हणून उन्हाळ्यात प्रयोग पहाटे लावायचे, आणि जवळ बर्फ ठेवायचा. नागपूरच्या बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. आमच्यासाठी ती रोजची तयारी होती.

त्या खोलीत पाहिलेला एक प्रयोग मी आजही वर्गात पहिल्यांदा सांगते. धमनीभोवतीच्या द्रावणातून कॅल्शियम काढून टाकायचं, उरलंसुरलं धरून ठेवायला ईजीटीए घालायचं. मग पोटॅशियम क्लोराइड द्यायचं. पोटॅशियमने पटलाचा विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियमची चॅनेलं उघडतात, पण बाहेर आत यायला काहीच नाही, तेव्हा पडद्यावरची रेघ जागची हलत नाही. आता फिनायलेफ्रिन हे धमनी आवळणारं औषध द्यायचं. रेघ चढते. थोडीच चढते, टिकत नाही, पण चढते. औषध धुऊन पुन्हा दिलं तर या खेपेस जवळजवळ काही नाही. बाहेरचं कॅल्शियम परत घातल्याशिवाय धमनी पूर्वीसारखी बोलत नाही.

पहिल्या खेपेला आलेलं कॅल्शियम पेशीच्या आतल्याच साठ्यातलं. पेशीत आंतर्द्रव्यजालिकेचं एक गुंतागुंतीचं जाळं असतं, तिथे ते साठवलेलं असतं. बाहेरून संप्रेरकाचा किंवा औषधाचा निरोप आला की पटलाजवळ आयपी३ नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि तो जालिकेतलं कॅल्शियम मोकळं करतो. हे १९८३ साली मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. साठा संपला की तो भरायला बाहेरूनच माल आणावा लागतो. जालिका रिकामी झाली हे ओळखणारं स्टिम आणि त्याच्या सांगण्यावरून बाह्य पटलात उघडणारं ओराय, ही दोन प्रथिनं २००५ आणि २००६ मध्ये सापडली.

आत आलेलं कॅल्शियम पुढे काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही पुस्तकात आहे. हाडाला जोडलेल्या स्नायूत आणि हृदयात ते ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, जे जपानच्या सेत्सुरो एबाशींनी शोधलं. धमनीच्या मृदू स्नायूत ट्रोपोनिन नाही. तिथे चार आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात, ती जोडी मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला जागं करते, आणि मायोसिन ॲक्टिनच्या धाग्यांना ओढायला लागतं. सगळं संथ, सेकंदांच्या हिशेबात. एकदा ताण आला की अगदी थोड्या ऊर्जेवर धमनी तो तासन्‌तास धरून ठेवते. आवळणं स्वस्त, आवळून राहणं त्याहून स्वस्त.

महाग आहे ते कॅल्शियम परत नेणं. जालिकेच्या पटलावर सर्का नावाचा पंप बसलेला असतो. एका एटीपीत तो दोन आयन आत साठवतो. बाह्य पटलावरचा पंप, जो बर्नच्या हान्स शाट्झमान यांनी १९६६ साली लाल रक्तपेशींत दाखवून दिला, एका एटीपीत एकच आयन बाहेर टाकतो. तिसरा मार्ग अदलाबदलीचा: सोडियमचे तीन आयन आत घ्यायचे, कॅल्शियमचा एक बाहेर सोडायचा. वरवर फुकट दिसतो, पण सोडियमला बाहेर ठेवण्यासाठी सोडियम-पोटॅशियम पंप आधीच एटीपी जाळत असतो.

हे काम किती अखंड चालतं ते थॅप्सिगार्जिन या वनस्पतिजन्य द्रव्याने कळतं. ते फक्त सर्का पंप बंद करतं. ना कसला निरोप, ना उत्तेजन, तरी जालिकेतलं कॅल्शियम आपसूक गळून साठा रिकामा होत जातो. साठा कायमच गळत होता आणि पंप कायमच भरत होता. आपल्याला ‘विश्रांत’ दिसणारी पेशी आत अशी राबत असते. वर्गात मी हा आलेख दाखवते तेव्हा काही वेळ कुणी काही बोलत नाही, आणि मीही घाई करत नाही.

पण मला सगळ्यांत जास्त ज्याचं नवल वाटतं ती गोष्ट १९९५ सालची. व्हरमाँट विद्यापीठात मार्क नेल्सन आणि त्यांचे सहकारी उंदराच्या मेंदूच्या धमन्यांतल्या पेशी पाहत होते. कॅल्शियमला चिकटून चमकणारी रंगद्रव्यं तोवर हाताशी आली होती. रॉजर चेन यांच्या गटाने फ्युरा-२ हे १९८५ सालीच दिलं होतं. कॅल्शियम दिसायला लागल्यावर लोकांना पेशीत एक नवीच गोष्ट दिसली: पटलाला लागून अधूनमधून उठणारे, क्षणात विझणारे ठिपके. ते जालिकेतून सुटतात. त्यांना ‘कॅल्शियम स्पार्क’ म्हणतात. हृदयात असे स्पार्क एकत्र आले की आकुंचन होतं. धमनीतही तेच होत असणार, असं कुणीही म्हटलं असतं.

घडत होतं नेमकं उलट. जालिका आणि बाह्य पटल यांच्यात जेमतेम २० नॅनोमीटरची फट असते. त्या फटीत स्पार्क उठला की तिथलं कॅल्शियम क्षणभर कितीतरी पटींनी वाढतं, पण पेशीच्या एकूण कॅल्शियममध्ये नगण्य फरक पडतो. मायोसिनपर्यंत ते पोचतच नाही. समोरच्या पटलावर मात्र पोटॅशियमची मोठी चॅनेलं असतात, त्यांना ते उघडतं. पोटॅशियम बाहेर जातं, आतली बाजू आणखी ऋण होते, आणि त्या बदलाने कॅल्शियमची चॅनेलं मिटायला लागतात. पेशीतलं एकूण कॅल्शियम उतरतं. धमनी सैल होते.

म्हणजे कॅल्शियमनेच कॅल्शियमला थोपवलं. एकच आयन, तीच पेशी. पटलाशेजारी क्षणभर चमकला तर सैल कर म्हणतो, सगळीकडे पसरून सेकंदभर राहिला तर आवळ म्हणतो. किती आहे यापेक्षा कुठे आहे आणि किती वेळ आहे यावर सगळं ठरतं. हा शोध वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

माझी आत्या नागपुरातल्याच महाल भागात राहते. तिला रक्तदाबासाठी सकाळी ॲम्लोडिपिन, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून रात्री कॅल्शियमची गोळी. ॲम्लोडिपिन हे ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ आहे असं नातवाने तिला मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हापासून तिच्या मनात घोळत होतं. मी गेले तशी म्हणाली, “काहून वं, एका गोळीनं कॅल्शियम अडवाचं अन् दुसरीनं पोटात घालाचं, हे कसं काय? डॉक्टरले विचारलं तं तो म्हणे, दोन्ही घ्या.”

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि औषधाच्या दुकानात तो कितीजणांच्या ओठांवर येऊन परत जात असेल. मी तिला म्हटलं, “आत्या, तुझ्या अंगात किलोभर कॅल्शियम आहे, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रात्रीची गोळी त्याच्यासाठी आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार नेमकं राखतं, गोळीनं त्यात विशेष चढउतार होत नाही. आणि सकाळची गोळी रक्तातलं कॅल्शियम कमी करतच नाही. नसेच्या भिंतीतल्या पेशींमध्ये ते शिरतं तेवढ्या वाटेवर ती बसते.” ती म्हणाली, “मंग तसं सांगा नं!” खरंच, तसं सांगायला हवं. तेवढं न सांगितल्यामुळे माणसं दोनपैकी एक गोळी गुपचूप बंद करतात, आणि बहुधा रक्तदाबाचीच करतात.

त्या वाटेवर बसणाऱ्या औषधांची कथा सुरू होते जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये. साठच्या दशकात आल्ब्रेश्ट फ्लेकेनश्टाइन यांच्या लक्षात आलं की प्रेनिलॅमिन आणि व्हेरापॅमिल दिल्यावर हृदयाचा स्नायू जसा मंदावतो तसाच तो कॅल्शियम काढून घेतल्यावरही मंदावतो, आणि कॅल्शियम वाढवलं की परत जोर धरतो. रिंगरच्या नळाच्या पाण्यानंतर ऐंशी वर्षांनी ते निरीक्षण औषध झालं. पण मग ॲम्लोडिपिन हृदयाला फारसं न दुखावता धमनीवरच कसं काम करतं? चॅनेल तर दोन्हीकडे जवळपास तेच. फरक पटलाच्या विद्युतभारात आहे. हृदयाची पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये ८० ते ९० मिलिव्होल्टने ऋण होते, धमनीची पेशी त्याच्या निम्म्यावरच रेंगाळते. त्या रेंगाळण्यात तिची पुष्कळशी चॅनेलं निष्क्रिय अवस्थेत असतात, आणि या औषधाला नेमकी तीच अवस्था घट्ट धरता येते. औषध रेणूला ओळखतं हे आपण ऐकलेलं असतं. इथे ते रेणूची स्थिती ओळखतं.

आणि चॅनेलं थोडीशी मिटली तरी रक्तदाब का उतरतो, याचं उत्तर भौतिकशास्त्रात. नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बारीक धमनिकेची त्रिज्या १० टक्क्यांनी आक्रसली तर रक्ताला होणारा विरोध दीडपट होतो. पेशीतल्या काहीशे नॅनोमोलच्या फरकावर एवढं सगळं तोललेलं आहे. धमनी स्वतःही गप्प बसत नाही: आतून दाब वाढला की ती आपणहून आवळते, हे विल्यम बेलिस यांनी १९०२ सालीच नोंदवलं होतं. ताणामुळे पटलाचा विद्युतभार हलतो, चॅनेलं उघडतात. स्पार्क त्याच आवळण्याला आवर घालतात.

मिठाचा प्रश्न लोक नेहमी विचारतात. मॉर्डेकाय ब्लाउस्टाइन यांनी १९७७ साली एक कल्पना मांडली: शरीरात सोडियम साचलं की शेवटी धमनीच्या पेशीतही ते थोडं वाढतं, मग ती तीनास एक अदलाबदल मंदावते, आणि कॅल्शियम आत अडकतं. यावर आजही वाद आहे, आणि मिठामुळे रक्तदाब वाढण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा आहेच. मला ती कल्पना आवडते ती आपल्या ताटाला आणि त्या पटलाला एका हिशेबात आणते म्हणून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, सांडगे वाळत असतात, आणि दर जेवणात पानाच्या डाव्या बाजूला मीठ किती रूपांनी बसलेलं असतं ते मोजून पाहावं.

नागपुरात राहून या विषयाकडे पाहताना उन्हाळा टाळून चालत नाही. मेअखेरच्या नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल सोडतं, कारण उष्णता बाहेर टाकायची तीच जागा. एरवी त्वचेला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर रक्त लागतं. उष्णतेचा फार ताण आला तर ते सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. ही सगळी सैलावण्याची कामगिरी. चेतातंतूंकडून निरोप येतो, भिंतीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याच्या सांगण्यावरून पंप जोरात चालतात, पोटॅशियमची चॅनेलं उघडतात, मायोसिनवरचं फॉस्फेट उतरतं. उन्हात रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या कातडीखाली दुपारभर हे चाललेलं असतं. त्यात घामाने पाणी जातं. म्हणून उन्हाळ्यात रक्तदाब थोडा उतरतो आणि डिसेंबरच्या बोचऱ्या सकाळी चढतो; आणि बाराही महिने एकच डोस घेणाऱ्या कुणाला मे महिन्यात उठताना भोवळ येते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवून डोस बदलून घ्यावा. मनाने बंद करू नये. ॲम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे बंद केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि ‘गोळीशिवायही बरंच आहे की’ असा भ्रम होतो.

आत्याच्या घोट्यांना गेल्या उन्हाळ्यात सूज आली. शेजारणीने किडनीचं नाव काढलं आणि ती घाबरली. धंतोलीतल्या तिच्या डॉक्टरांनी किडनीची तपासणी करून घेतली. ती व्यवस्थित होती. सूज गोळीची होती. ॲम्लोडिपिन धमनिका मोकळ्या करतं, पण केशवाहिन्यांच्या पलीकडे, शिरांच्या बाजूला ते तेवढं पोचत नाही. येणारी वाट रुंद, जाणारी मात्र पूर्वीइतकीच. मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी झिरपून पायांत उतरतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीचा इथे फारसा उपयोग नसतो, कारण शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन निम्मं केलं आणि जोडीला टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचंच दुसरं औषध दिलं, जे शिरांकडची बाजूही सैल करतं. काही आठवड्यांत घोटे पूर्ववत झाले. रात्रीची कॅल्शियमची गोळी चालूच आहे, आणि ती का, हे आता आत्याच शेजारणीला समजावून सांगते.